लिनक्सवर डोमेन लॉगिन अडलं? पासवर्ड सोडा, आधी नावं तपासा

पासवर्ड बरोबर आहे, कॅप्स लॉक बंद आहे, त्याच खात्याने शेजारच्या विंडोज मशीनवर लॉगिन होतंय. लिनक्सवर मात्र 'परमिशन डिनाइड'. अशा वेळी पासवर्ड रीसेट करत बसू नका. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (मायक्रोसॉफ्टच्या, डोमेनची खाती एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेलं लिनक्स मशीन पासवर्ड तपासायच्या आधी डीएनएसला (नावांवरून आयपी पत्ते सांगणाऱ्या सेवेला) बरंच काही विचारतं: या डोमेनचे सर्व्हर कोणते, त्यांचे आयपी पत्ते काय, कर्बेरॉसचं (तिकिटं देऊन ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं) केडीसी, म्हणजे तिकिटं देणारा सर्व्हर, कुठे आहे, माझं स्वतःचं पूर्ण नाव काय. यातलं एक उत्तर चुकलं तरी पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. पडद्यावर दिसतो तो मात्र चुकीच्या पासवर्डला मिळतो तसाच नकार.

हा लेख रेल्मडीने (मशीन डोमेनला जोडणाऱ्या साधनाने) डोमेनला जोडलेल्या आणि एसएसएसडी (डोमेनची खाती आणि पासवर्ड तपासणारी सेवा) चालवणाऱ्या उबंटू, डेबियन किंवा रेड हॅट गटातल्या मशीनसाठी आहे. फ्रीआयपीए किंवा साधं ओपनएलडॅप असेल तरी बहुतेक तपासण्या याच. उदाहरणात डोमेन 'कॉर्प.एक्झाम्पल', डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारे सर्व्हर, 'डीसी१' (१९२.०.२.१०) आणि 'डीसी२' (१९२.०.२.११), अडलेलं मशीन 'पीसी२१' (१९२.०.२.२१). कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाइप करायची.

हात लावण्यापूर्वी

एक रूट टर्मिनल उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत ते बंद करू नका. मशीनवर डोमेनशी संबंध नसलेलं एक स्थानिक खातं आहे आणि त्याचा पासवर्ड चालतो, याची आधी खात्री करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. '/व्हार/लिब/एसएसएस/डीबी' मधल्या फाइली पुसा आणि एसएसएसडी पुन्हा सुरू करा, हा सल्ला सगळीकडे सर्रास दिला जातो. डोमेन कंट्रोलरशी संपर्क तुटलेला असताना हे अजिबात करू नका. त्या फाइलींत आधी लॉगिन केलेल्यांची माहिती आणि त्यांच्या पासवर्डचे हॅश साठवलेले असतात. त्यांच्या जोरावरच ऑफलाइन लॉगिन चालतं. त्या पुसल्या की ज्यांचं लॉगिन अजून होत होतं तेही बाहेर अडकतात.

याच साठ्यामुळे निदानाची एक खूण फुकटात मिळते. रेल्मडीने मशीन जोडताना 'कॅश_क्रेडेन्शिअल्स' चालू केलेलं असतं. त्यामुळे जुन्या माणसांचं लॉगिन होतंय, नव्याने आलेल्यांचं होत नाही, किंवा कालच पासवर्ड बदललेल्याला जुनाच पासवर्ड चालतोय असं दिसलं, तर एसएसएसडी ऑफलाइन गेलंय हे जवळपास नक्की. खात्यांच्या परवानग्या तपासायची गरज नाही.

कोण कोणाला विचारतं

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीत जातो. 'डिग' (डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी कमांड) चालवलं, बरोबर पत्ता आला, म्हणजे डीएनएस ठीक आहे असं समजून ते पुढे जातात. पण लॉगिनच्या वाटेवर 'डिग' कुठेच नसतं. एकाच मशीनवर नाव शोधायच्या वाटा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक वाट वेगळ्या फाइली वाचते.

'डिग' आणि 'एनएसलुकअप' फक्त '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' मधला सर्व्हर पाहतात आणि थेट त्यालाच विचारतात. '/ईटीसी/होस्ट्स' आणि '/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ' यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

'पिंग', 'एसएसएच', 'सुडो', 'गेटएंट' आणि बहुतेक सगळे प्रोग्राम जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीमार्फत जातात. जीलिबसी 'एनएसस्विच.कॉन्फ' मधली 'होस्ट्स:' ही ओळ वाचते आणि तिथे दिलेल्या क्रमाने शोधते: आधी होस्ट्स फाइल, मग कदाचित एमडीएनएस (पायरी ५ पाहा), मग डीएनएस. कर्बेरॉसची लायब्ररी सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता याच वाटेने काढते.

एसएसएसडीची वाट तिसरी. ते सी-एरेस नावाची लायब्ररी वापरतं. होस्ट्स फाइल आणि 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' स्वतः वाचतं, 'एनएसस्विच.कॉन्फ' मधला होस्ट्सचा क्रम त्याला लागू होत नाही. शिवाय सापडलेल्या केडीसीचा पत्ता ते '/व्हार/लिब/एसएसएस/पबकॉन्फ' मध्ये 'केडीसीइन्फो' नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं आणि कर्बेरॉसची लायब्ररी तो उचलते. म्हणून कधी कधी डीएनएसमध्ये केडीसीची नोंदच नसताना 'केइनिट' (कर्बेरॉसचं तिकीट मागणारी कमांड) चालतं आणि माणूस चकतो.

या सगळ्यांच्या मध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हड (मशीनवरच चालणारी, डीएनएसचे प्रश्न पुढे पाठवणारी सेवा) बसलेलं असू शकतं. उबंटूत १८.०४ पासून आणि फेडोरात ३३ व्या आवृत्तीपासून (२०२०) ते आपोआप चालू असतं. 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' मध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर खरे सर्व्हर तिथे नाहीत, ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मध्ये पाहायचे. ('रिझॉल्व्ह.कॉन्फ' टाइप करताना इंग्रजी शब्दाच्या शेवटचा 'ई' नसतो. तो लावून नवीनच फाइल तयार होते आणि केलेला बदल लागू का होत नाही ते कळत नाही.)

म्हणून नियम असा: लॉगिनचा प्रश्न असेल तर 'गेटएंट' आणि 'डिग' दोन्ही चालवा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर बिघाड या मशीनवर आहे. दोघांचं सारखंच चुकीचं आलं तर बिघाड डीएनएस सर्व्हरवर, किंवा तुम्ही भलत्याच सर्व्हरला विचारताय.

पायरी १: प्रश्न नावाचाच आहे ना?

रूट टर्मिनलवर:

    आयडी यूजर१@कॉर्प.एक्झाम्पल
    एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस कॉर्प.एक्झाम्पल

पहिल्या कमांडने 'नो सच यूजर' म्हटलं तर ओळखच सापडत नाही, पासवर्डचा विषय अजून आलेलाच नाही. दुसरी कमांड डोमेन ऑनलाइन आहे की ऑफलाइन, आणि सध्या कुठला सर्व्हर धरलाय ते सांगते. ती 'एसएसएसडी-टूल्स' या पॅकेजमध्ये येते. काही ठिकाणी सोबत 'एसएसएसडी-डीबस' ही लागतं.

मग कर्बेरॉसला थेट विचारा:

    केआरबी५_ट्रेस=/डेव्ह/एसटीडीएरर केइनिट यूजर१@कॉर्प.एक्झाम्पल

रेल्मचं (कर्बेरॉसच्या भाषेत डोमेनचं) नाव, म्हणजे '@' नंतरचा भाग, इथे मोठ्या रोमन अक्षरांतच द्यायचा. लहान अक्षरांत दिला तर भलताच बिघाड शोधत बसाल. सुरुवातीची 'ट्रेस'ची जोडणी लावली की कुठल्या नावासाठी कोणाला विचारलं ते ओळीओळीने दिसतं. शेवटचा संदेश नीट वाचा, कारण त्यातल्या क्रियापदावरून बरंच कळतं. 'कॅनॉट फाइंड केडीसी' म्हणजे त्या रेल्मसाठी एकही सर्व्हर सापडला नाही. एसआरव्ही नोंदी (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) किंवा रेल्मचं स्पेलिंग पाहा. 'कॅनॉट रिझॉल्व्ह' म्हणजे सर्व्हरचं नाव मिळालं पण आयपी पत्ता मिळाला नाही. 'कॅनॉट काँटॅक्ट' म्हणजे पत्ता मिळाला पण तिकडून उत्तर नाही; तो पत्ता जुना आहे का आणि पोर्ट ८८ फायरवॉलने अडवलाय का ते बघा.

'क्लॉक स्क्यू' आला तर प्रश्न घड्याळाचा. कर्बेरॉस साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. पण वेळेचा सर्व्हरही नावानेच शोधला जातो. नावं बरेच दिवस सापडत नसतील तर घड्याळ सरकणारच. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' बघून घ्या.

पायरी २: मशीनचं स्वतःचं नाव

    होस्टनेम
    होस्टनेम -एफ

पहिल्याने 'पीसी२१' आणि दुसऱ्याने 'पीसी२१.कॉर्प.एक्झाम्पल' यायला हवं. दुसऱ्याने 'लोकलहोस्ट' किंवा नुसतं 'पीसी२१' दिलं तर '/ईटीसी/होस्ट्स' उघडा. ओळ अशी हवी:

    १९२.०.२.२१ पीसी२१.कॉर्प.एक्झाम्पल पीसी२१

पूर्ण नाव आधी, छोटं नाव नंतर. क्रम उलटा झाला की छोटं नावच मशीनचं अधिकृत नाव ठरतं. मशीन जोडताना कीटॅबमध्ये (मशीनच्या कर्बेरॉस किल्ल्यांच्या फाइलीत) 'होस्ट/पीसी२१.कॉर्प.एक्झाम्पल' अशी नोंद झालेली असते. मशीन स्वतःला नुसतं 'पीसी२१' म्हणवून घेऊ लागलं तर ताळमेळ बसत नाही. कीटॅबमध्ये काय आहे ते 'केलिस्ट -के' दाखवतं. डेबियन आणि उबंटूत स्वतःच्या नावासमोर १२७.०.१.१ असतं, ते चालतं. क्रम मात्र हाच हवा. स्वतःचं नाव १२७.०.०.१ च्या 'लोकलहोस्ट'च्या ओळीत शेवटी चिकटवायची सवय मोडा.

'सुडो' चालवताना 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट पीसी२१' असा इशारा येत असेल तर तोही याच बिघाडाचा. नाव बदललं, होस्ट्स फाइल बदलायची राहिली. नाव बदलायचं असेल तर 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' वापरा आणि लगेच होस्ट्स फाइल दुरुस्त करा. डोमेनला जोडून झाल्यावर नाव बदललं असेल तर 'रेल्म लीव्ह' करून नव्या नावाने पुन्हा जोडणं हाच सरळ मार्ग आहे.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मशीनच्या खात्याचं नाव १५ अक्षरांपर्यंतच असतं. त्याहून लांब नाव जोडताना कापलं जातं. शाखेचं नाव, विभागाचं नाव आणि शेवटी क्रमांक अशी लांबलचक नावं दिली की क्रमांकच कापला जातो आणि दोन मशीनची नावं एकच होतात. दुसरं मशीन जोडलं की पहिल्याच्या खात्याचा पासवर्ड बदलू शकतो. मग कालपर्यंत चाललेलं पहिलं मशीन आज कुणालाच आत घेत नाही. 'एडीसीएलआय टेस्टजॉइन' चालवून हे तपासता येतं.

पायरी ३: डोमेन कंट्रोलर सापडतात का

    डिग +शॉर्ट एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस.कॉर्प.एक्झाम्पल
    डिग +शॉर्ट एसआरव्ही _कर्बेरॉस._टीसीपी.कॉर्प.एक्झाम्पल

'डिग' नसेल तर रेड हॅट गटात 'बाइंड-यूटिल्स', डेबियन गटात 'डीएनएसयूटिल्स'. प्रत्येक डोमेन कंट्रोलरमागे एक ओळ यायला हवी, साधारण अशी:

    ० १०० ३८९ डीसी१.कॉर्प.एक्झाम्पल.
    ० १०० ३८९ डीसी२.कॉर्प.एक्झाम्पल.

प्राधान्य, वजन, पोर्ट, नाव. कर्बेरॉसच्या ओळींत पोर्ट ८८ असतो. काहीच आलं नाही तर तुम्ही डोमेनच्या डीएनएसला विचारतच नाही आहात, हे शंभरातल्या नव्वद वेळा खरं. खात्री करायला सर्व्हर सांगून विचारा: तीच कमांड, पण शेवटी '@१९२.०.२.१०'. आता उत्तर आलं तर पायरी ४ वर जा.

उत्तर आलं असेल तर यादीतल्या प्रत्येक नावाचा पत्ता 'गेटएंट'ने काढा:

    गेटएंट एहोस्ट्स डीसी१.कॉर्प.एक्झाम्पल
    गेटएंट एहोस्ट्स डीसी२.कॉर्प.एक्झाम्पल

एकदोन करून थांबू नका. एसएसएसडी यादीतला कुठलाही सर्व्हर उचलू शकतं. बंद केलेल्या डोमेन कंट्रोलरची नोंद डीएनएसमध्ये राहून गेली असेल तर लॉगिन कधी होतं, कधी होत नाही, कधी अर्धा मिनिट अडून मग होतं.

होस्ट्स फाइलचं भूत इथेच भेटतं. कधीकाळी डीएनएस बंद होतं म्हणून कुणीतरी 'तात्पुरतं' डीसी१ चा पत्ता '/ईटीसी/होस्ट्स' मध्ये टाकून ठेवलेला असतो. पुढे डोमेन कंट्रोलर बदलतो, पत्ता बदलतो, ओळ मात्र तशीच राहते. 'डिग' नवा पत्ता देतं, 'गेटएंट' जुना. एसएसएसडीही होस्ट्स फाइल वाचत असल्याने तेही फसतं. डोमेन कंट्रोलरचे पत्ते होस्ट्स फाइलीत नसावेत. ओळ बरोबर दिसूनही लागू होत नसेल तर फाइल 'कॅट -ए' ने बघा, पर्याय मोठ्या अक्षरात. विंडोजवर एडिट केलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी '^एम' दिसतं.

मोठ्या डोमेनमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डोमेन कंट्रोलर बरेच असले की एसआरव्हीचं उत्तर यूडीपीच्या एका पाकिटात मावत नाही. सर्व्हर ते अर्धवट पाठवून टीसीपीवर या असं सुचवतो. फायरवॉलवर ५३ चा यूडीपी उघडा आणि टीसीपी बंद असेल तर छोट्या नावांचे पत्ते मिळत राहतात, एसआरव्ही मात्र अडकतं. वरचीच कमांड '+टीसीपी' जोडून चालवा.

पायरी ४: 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' आणि दुसऱ्या सर्व्हरचा गैरसमज

असली फाइल ठिकठिकाणी दिसते:

    सर्च कॉर्प.एक्झाम्पल
    नेमसर्व्हर १९२.०.२.१०
    नेमसर्व्हर ८.८.८.८

हेतू असा की डोमेनचा सर्व्हर बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालावं. पण दुसरा सर्व्हर 'पहिल्याला माहीत नसेल तर' यासाठी नसतो. पहिल्याकडून उत्तरच आलं नाही किंवा त्याने स्वतःचा बिघाड कळवला तरच जीलिबसी दुसऱ्याकडे जाते. कुणीही 'असं नाव अस्तित्वात नाही' असं स्पष्ट सांगितलं की ते अंतिम उत्तर. पुढे कुणाला विचारलं जात नाही. म्हणजे डीसी१ एक क्षण अडखळला की प्रश्न ८.८.८.८ कडे जातो, तो 'कॉर्प.एक्झाम्पल' नावाचं काही नाही म्हणतो आणि लॉगिन बंद.

रिझॉल्व्हडमध्ये हे आणखी त्रासदायक होतं. ते चालू सर्व्हरला धरून राहतं; तो चुकला की दुसऱ्याकडे सरकतं आणि तिथेच थांबतं, पहिला परत उभा राहिला तरी आपणहून मागे येत नाही. सकाळी लॉगिन होत होतं, दुपारपासून होत नाही, मशीन रीस्टार्ट केलं की पुन्हा होतं, असा प्रकार असेल तर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मधली 'करंट डीएनएस सर्व्हर' ही ओळ पाहा.

तेव्हा डोमेनच्या मशीनवर फक्त डोमेनचे डीएनएस सर्व्हर ठेवा, दोन किंवा तीन. जीलिबसी तीनपेक्षा जास्त वाचतही नाही. बाहेरची नावं शोधायचं काम त्या सर्व्हरांनी पुढे पाठवून करायचं.

पहिलाच सर्व्हर मेलेला असेल तर प्रत्येक प्रश्नाला आधी ५ सेकंदांची वाट पाहिली जाते, आणि एका लॉगिनमागे असे अनेक प्रश्न असतात. एसएसएसडीचा धीर त्याहून कमी असतो. तेवढ्यात ते सर्व्हर सोडून ऑफलाइन जातं. 'ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेम्प्ट्स:२' या ओळीने थोडा आराम पडतो, पण खरा उपाय मेलेला सर्व्हर यादीतून काढणं हाच.

ही फाइल हाताने बदलू नका. डीएचसीपीचा (मशीनला आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेचा) करार नवा झाला की बदल पुसला जाईल. 'चॅटर +आय' करून फाइल गोठवायचा उपायही सुचवला जातो. तो करू नका, वर्षभराने नेटवर्क बदलल्यावर दुसरंच कुणीतरी डोकं धरून बसेल. बदल जिथून येतो तिथे करा.

नेटवर्कमॅनेजर असेल तर:

    एनएमसीएलआय कॉन मॉड "कनेक्शनचं नाव" आयपीव्ही४.डीएनएस "१९२.०.२.१० १९२.०.२.११" आयपीव्ही४.डीएनएस-सर्च "कॉर्प.एक्झाम्पल" आयपीव्ही४.इग्नोर-ऑटो-डीएनएस येस
    एनएमसीएलआय कॉन अप "कनेक्शनचं नाव"

शेवटचा पर्याय विसरला की डीएचसीपीने दिलेला राउटरचा पत्ताही यादीत येऊन बसतो.

उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅन असतं. त्या इंटरफेसखाली 'नेमसर्व्हर्स' मध्ये 'अ‍ॅड्रेसेस' आणि 'सर्च' द्या, 'डीएचसीपी४-ओव्हरराइड्स' खाली 'यूज-डीएनएस: फॉल्स' लिहा. लागू करायला 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत येते. दूरच्या मशीनवर काम करताना हाच पर्याय निवडा.

पायरी ५: '.लोकल' डोमेनची कटकट

अनेक जुन्या कार्यालयांत डोमेनचं नाव 'कंपनी.लोकल' असं ठेवलेलं असतं. २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने '.लोकल' हे टोक एमडीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय आसपासची यंत्रं शोधण्यासाठी राखून ठेवलं. डेस्कटॉप लिनक्सवर 'एनएसस्विच.कॉन्फ' मध्ये ओळ अशी असते:

    होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

चौकटी कंसातला भाग घात करतो: एमडीएनएसला नाव सापडलं नाही तर तिथूनच परत फिरा. डीएनएसपर्यंत प्रश्न जातच नाही. 'डिग' ठणठणीत, एसएसएसडी ऑनलाइन, तरी 'एसएसएच' आणि 'पिंग' ला नाव सापडत नाही, अशी विचित्र अवस्था यातून येते. एमडीएनएसच्या नव्या आवृत्त्या तीन भागांची नावं स्वतःकडे न ठेवता पुढे सोडतात, त्यामुळे एकाच कार्यालयातली दोन मशीन वेगळी वागताना दिसतील. उपाय: 'डीएनएस' हा शब्द 'एमडीएनएस४_मिनिमल' च्या आधी आणा. रेड हॅट गटात ही फाइल ऑथसिलेक्टच्या ताब्यात असते. बदल त्याच्यामार्फत करा, नाहीतर तो टिकणार नाही.

रिझॉल्व्हडही '.लोकल'ची नावं डीएनएसकडे पाठवत नाही, जोपर्यंत ते डोमेन त्या इंटरफेसवर स्पष्ट लिहिलेलं नसतं:

    रिझॉल्व्हसीटीएल डोमेन ईटीएच० कंपनी.लोकल

हे रीस्टार्टनंतर टिकत नाही. चाललं तर तेच नाव नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरच्या 'सर्च' मध्ये कायमचं घाला. नवं डोमेन उभारत असाल तर '.लोकल' घेऊच नका. स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनखालचं उपडोमेन सगळ्यात चांगलं. तेही नको असेल तर २०२४ मध्ये आयकॅनने खासगी वापरासाठी राखून ठेवलेलं '.इंटर्नल' आहे.

घरून व्हीपीएनने काम करणाऱ्यांनाही वरची 'रिझॉल्व्हसीटीएल डोमेन'ची युक्ती उपयोगी पडते. व्हीपीएनच्या इंटरफेसवर '~कॉर्प.एक्झाम्पल' असं, आधी लाटेची खूण देऊन, डोमेन लावलं की त्या डोमेनचे प्रश्न व्हीपीएनच्या सर्व्हरकडे जातात आणि बाकीचे घरच्या राउटरकडे.

पायरी ६: उलटं नाव

पत्त्यावरून नाव शोधणं, म्हणजे पीटीआर नोंद. 'केइनिट' चालतं, तिकीट मिळतं, पण पुढे 'सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस' येतं, तेव्हा बहुधा इथेच गोम असते. कर्बेरॉसची लायब्ररी डीसी१ चा पत्ता काढते, त्या पत्त्याचं उलट नाव विचारते आणि मिळालेल्या नावाने तिकीट मागते. उलट नोंदीत जुन्या मशीनचं नाव राहिलं असेल तर तिकीट त्या जुन्या नावाचं मागितलं जातं.

    डिग +शॉर्ट -एक्स १९२.०.२.१०

नाव चुकीचं आलं तर पीटीआर दुरुस्त करून घ्या. तोपर्यंत '/ईटीसी/केआरबी५.कॉन्फ' मधल्या 'लिबडिफॉल्ट्स' विभागात 'आरडीएनएस = फॉल्स' ठेवा. खरं तर ते कायमच ठेवलेलं बरं. उलट नोंदींची निगा फार थोड्या ठिकाणी राखली जाते.

एसएसएचने जाताना पासवर्ड विचारायच्या आधीच बराच वेळ अडत असेल तरी उलट नाव तपासा. 'यूजडीएनएस' हा पर्याय मूळ ओपनएसएसएचमध्ये ६.८ या २०१५ च्या आवृत्तीपासून बंद असतो, पण जुन्या 'एसएसएचडी_कॉन्फिग' मध्ये तो कुणी चालू करून ठेवलेला असू शकतो.

नावाची कटकट नको म्हणून 'एसएसएसडी.कॉन्फ' मध्ये सर्व्हरच्या जागी सरळ आयपी पत्ता लिहायचा मोह होतो. त्याने प्रश्न बदलतो, सुटत नाही: कर्बेरॉसचं तिकीट नावावर मिळतं आणि टीएलएसच्या प्रमाणपत्रावरही नावच असतं.

सगळं बरोबर दिसतंय, तरी अडलंय

रूटला नावं सापडतात आणि साध्या वापरकर्त्याला सापडत नाहीत, असं असेल तर फाइलींच्या परवानग्या बघा. 'होस्ट्स', 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' आणि 'एनएसस्विच.कॉन्फ' तिन्ही ६४४ हव्यात. कडक यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) लावलेल्या रूटने फाइल नव्याने लिहिली की ती ६०० होते. रूटच्या टर्मिनलवरून केलेली प्रत्येक तपासणी त्यामुळे उत्तम दिसते. म्हणून 'गेटएंट' एकदा स्थानिक साध्या खात्यावरूनही चालवा.

रेड हॅट गटात एसई-लिनक्सही (फाइलींना लेबल लावून कोण काय वाचू शकतं ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) बघा. 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' टेम्पमध्ये तयार करून 'एमव्ही' ने ईटीसीत हलवली, तर जुनं लेबल तिच्यासोबत येतं. रूटला ती वाचता येते, एसएसएसडीला येत नाही. 'एलएस -झेड' (झेड मोठ्या अक्षरात) लेबल दाखवतं. 'रीस्टोरकॉन -व्ही /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' ते दुरुस्त करतं.

'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही नुसती लिंक असेल आणि ती जिकडे बोट दाखवते ती फाइलच नसेल, तर जीलिबसी याच मशीनवरच्या डीएनएसला विचारत बसते. 'एलएस -एल' ने लिंक तपासा. एनएससीडी (नावांची उत्तरं साठवून ठेवणारी सेवा) चालू असेल तर त्याचा स्वतःचा साठा जुनी उत्तरं देत राहतो. एसएसएसडीसोबत ते बंदच ठेवा.

एवढं करूनही कळत नसेल तर पाकिटंच बघा:

    टीसीपीडम्प -एनआय एनी पोर्ट ५३

दुसऱ्या टर्मिनलवरून लॉगिनचा प्रयत्न करा. कुठलं नाव, कुठल्या सर्व्हरला, आणि उत्तर काय, हे तिथे स्पष्ट दिसतं.

दुरुस्तीनंतर

डीएनएस सुधारलं म्हणून एसएसएसडी लगेच ऑनलाइन येत नाही. पहिला पुन्हा प्रयत्न साधारण मिनिटभराने होतो, आणि जितका वेळ ते ऑफलाइन राहिलं तितकं हे अंतर वाढत जातं. म्हणून हाताने हलवा:

    रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस
    सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएसडी
    एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस कॉर्प.एक्झाम्पल

ऑनलाइन दिसल्यावर 'एसएसएस_कॅश -ई' (ई मोठ्या अक्षरात) चालवा. याने साठा पुसला जात नाही, फक्त जुना ठरवला जातो. मग या मशीनवर आजवर कधीच लॉगिन न केलेल्या खात्याने लॉगिन करून बघा; जुन्या खात्याचं लॉगिन साठ्यातूनही होऊ शकतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही. रूटवरून 'सू' करून पाहण्यातही अर्थ नाही, रूटला पासवर्ड विचारलाच जात नाही. शेवटी मशीन एकदा रीस्टार्ट करून हीच चाचणी पुन्हा घ्या, म्हणजे डीएचसीपी किंवा नेटप्लॅनने बदल पुसला नाही ना ते कळेल.

तरीही ऑफलाइनच राहिलं तर 'एसएसएसडी.कॉन्फ' च्या डोमेन विभागात 'डीबग_लेव्हल = ६' घाला, सेवा रीस्टार्ट करा, आणि '/व्हार/लॉग/एसएसएसडी' मधल्या डोमेनच्या नावाच्या लॉगमध्ये 'रिझॉल्व्ह' हा शब्द शोधा. काम झालं की ती ओळ काढून टाका, लॉग झपाट्याने वाढतो.

बिघाड डीएनएस सर्व्हरच्या बाजूला निघाला तर डोमेन सांभाळणाऱ्यांना 'लिनक्सवर लॉगिन होत नाही' एवढंच कळवू नका, विंडोजवर चालतंय असं उत्तर येईल. चार गोष्टी पाठवा: एसआरव्हीच्या दोन्ही कमांडचं '@१९२.०.२.१०' आणि '@१९२.०.२.११' लावून आलेलं आउटपुट, त्यातल्या ज्या नावाचा पत्ता मिळत नाही ते नाव, त्या पत्त्याची उलट नोंद, आणि 'केइनिट'च्या ट्रेसमधल्या शेवटच्या दहाएक ओळी वेळेसकट. दोन डीएनएस सर्व्हरांची उत्तरं वेगळी असतील तर ते पहिल्याच ओळीत लिहा. तेव्हा त्यांना आपसातलं रेप्लिकेशन (नोंदी एकमेकांकडे पोचणं) तपासावं लागतं, आणि ते काम लिनक्सच्या बाजूने होणार नाही.